बाबा जामीन राहिले तो दिवस

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं फुलांचं दुकान होतं आणि माझे बाबा अफू खायचे. हे मी कधीच लपवलं नाही. त्यांच्याजवळ बिनपरवाना अफू सापडली, तेव्हा अख्खी गल्ली म्हणाली, जाऊ द्या जेलात. न्यायाधीश मात्र म्हणाले, कोणी जामीन राहत असेल तर जेल नको, रोज सरकारी दवाखान्यात उपचाराला जायचं. शहाणपण शिकवणारे सगळे खाली मान घालून बसले. आई उभी राहिली.

दवाखान्यातला कंपाउंडर बाबांना समोर उभं करून अफूची गोळी गिळायला लावायचा आणि ती हळूहळू लहान करत न्यायचा. आई तिचं माप फुलांत सांगायची. आधी मोगऱ्याच्या कळीएवढी, मग जुईच्या, मग नुसत्या देठाएवढी. बाबांना दरदरून घाम सुटायचा, ते आईला शिव्या घालायचे. हात असे थरथरायचे की सुईत दोरा जायचा नाही. गोळी बंद झाल्यावर कितीतरी दिवसांनी त्यांनी पहिला हार ओवला. वेडावाकडाच. आईनं तो विकला नाही.

पुढे आमच्या गल्लीतल्या एका हमालाला अफूपायीच त्याच कोर्टात आणलं. जामीन कोण, असं विचारताच बाबा उठले. मी मागच्या बाकावर ताठ बसले.

"तुमच्याकडे मालमत्ता काय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"काई नाई, साहेब. पण अफू सुटताना मानसाचं काय होते, ते मले मालूम आहे. माह्यासाठी माही बायको उभी राहिली होती. याच्यासाठी मी आहो."