विजयमाला, तेखेदोरा

गेल्या उन्हाळ्यात विजयमालाच्या हातात साडीला बांधायचं एक पुठ्ठ्याचं लेबल आलं आणि तिचं डोकं फिरलं ते फिरलंच. लेबलावर रंगीत फोटो होता. तिचा नवरा टिकाराम इस्त्रीचा सदरा घालून मागावर बसला होता, हातात धोटा होता आणि तो हसत होता. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. मुलगी मोनिकानं त्या वाचून दाखवल्या. टिकाराम, करवतकाठी साड्यांचे उस्ताद विणकर. पिढ्यान्‌पिढ्यांची कला या हातांत जिवंत आहे.

"कोनत्या हातांत?" विजयमालानं विचारलं.

टिकाराम नऊ वर्षांपासून मागावर बसला नव्हता. मोहाडी गावातल्या बाकी मागांसारखाच त्यांचा माग खड्ड्याचा, पाय खाली सोडून दिवसभर वाकून बसावं लागतं. त्याच्या कमरेची गादी सरकली आणि एका दुपारी अर्धी साडी सोडून तो उठला. विजयमाला त्याच जागी बसली आणि तिनं ती साडी पुरी केली. कुठं एकाचा हात थांबला आणि दुसरीचा लागला, ते घेणाऱ्यालाही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. तिला भाऊ नव्हता म्हणून बापानं तिला अकराव्या वर्षीच मागावर बसवलं होतं. करवतकाठीला एका वेळी तीन धोटे फिरतात. दोन काठांचे, एक मधल्या कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या अंगाचा. काठाचे दात करवतीसारखे एकसारखे उतरायला हवेत. टिकारामच्या काठाचे दात कधी लहान, कधी मोठे यायचे. हे तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात दिसलं होतं, पण ती कधी बोलली नव्हती.

तरी विणकराचं कार्ड टिकारामच्या नावावर. नागपुरात शाल मिळाली ती टिकारामला. ज्या संस्थेकडून सूत आणि कामं यायची, तिचा माणूस कुंदन पाहुणे घेऊन आला की आधी फोन करायचा. मग टिकाराम कसाबसा खड्ड्यात उतरून बसायचा आणि विजयमाला चहा आणायची. कुंदन पाहुण्यांना सांगायचा, "घरच्या बाया कांड्या भरून मदत करतात." कांड्या म्हणजे धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या. त्याही तीच भरायची, पहाटे उठून.

"जाऊ दे ना," टिकाराम म्हणाला. "नाव माझं का तुझं, घर तं एकच हाय."

"एकच हाय, तं माझं काहून नाई?" ती म्हणाली आणि लेबल चुलीत घातलं.

दिवाळीनंतर कुंदन पुन्हा आला. स्पेनची एक बाई येणार होती. तिकडं तिचं कापडाचं दुकान होतं, मोठं काम मिळण्यासारखं होतं. जाता जाता तो स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाला, "वहिनी, चहा जरा बरा ठेवजा. हात जोडजा, बस. बोलू नका काही. तिले आपली भाषा समजत नाई."

मोनिका तेव्हा पंधरा दिवस सुट्टीवर घरी होती. नागपुरात ती ज्या कंपनीत लागली होती, तिथं स्पेनच्या लोकांचे फोन घ्यावे लागत, म्हणून तिनं ती भाषा सहा महिने शिकून घेतली होती. कुंदनची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी विजयमाला तिच्यापुढं येऊन उभी राहिली.

"तिची भाषा मले शिकव."

"आई, पंधरा दिवसांत?"

"नाव सांगाले किती दिवस लागतात?"

मोनिका मागाशेजारी गोणपाटाचा बोरा टाकून बसायची आणि विजयमाला विणता विणता शिकायची. सकाळी 'बुएनोस दियास', दुपारी 'बुएनास तार्देस'. तिकडं प्रत्येक शब्द बाई नाही तर पुरुष असतो, मोनिकानं सांगितलं. 'ओ'नं संपला की बहुतेक पुरुष, 'आ'नं संपला की बाई. दुपार बाई, म्हणून बुएनास. दिवस पुरुष, म्हणून बुएनोस.

"पन 'दिया' तं 'आ'नं संपते."

"तो अपवाद हाय."

"मंग नियम कायले सांगतेस?" विजयमाला खेकसली. तिथंही पुरुषांना सवलत दिसते, असं ती पुटपुटली.

मग नाव. 'मे यामो विजयमाला.' त्याचा अर्थ 'माझं नाव विजयमाला' असाच घ्यायचा, पण शब्दाला शब्द लावला तर 'मी स्वतःला विजयमाला म्हणते' असा होतो, हे ऐकून तिनं धोटा थांबवला. "हे बरं हाय," ती म्हणाली. "दुसऱ्यानं सांगाची गरजच नाई."

'तू' आणि 'तुम्ही' तिकडंही वेगळे होते. परक्या मोठ्या माणसाला 'उस्तेद' म्हणायचं. 'आहे'साठी दोन शब्द होते, त्यावरून मायलेकींचं भांडण झालं. आपण कोण ते सांगायला 'सोय', आत्ता कसं वाटतंय ते सांगायला 'एस्तोय'. मोनिकानं उदाहरण दिलं, 'एस्तोय एनफादादा', मी रागावले आहे. राग येतो आणि जातो, म्हणून एस्तोय.

"माझा नऊ वर्सं झाले, गेला नाई. मले सोय लाव."

"तसं चालत नाई आई."

"काहून चालत नाई?"

मोनिकानं तो विषय सोडला. शेवटी तिनं धंद्याचा शब्द दिला. विणणारा तो 'तेखेदोर', विणणारी ती 'तेखेदोरा'.

विणकर म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं पुरुषच यायचा. कार्डावरही तोच, भाषणातही तोच. बाईसाठी वेगळा शब्द तिनं कधी ऐकलाच नव्हता. तिकडच्या बायांसाठी तो तयार होता, रोजच्या वापरातला. तिला आनंद व्हायला हवा होता, पण रागानं तिचे कान तापले. "म्हंजे तिकडच्या बायाइले कोनी लपवलं नाई," ती म्हणाली.

"अन् 'मी विणतो' कसं म्हनाचं?" तिनं पुढं विचारलं.

"यो तेखो. बाई असो का मानूस, एकच."

"मंग आपल्यासारखंच. आपन बायाही 'मी जातो, मी करतो'च म्हनतो."

"तो विणतो, एल तेखे. विणत नाई, एल नो तेखे."

हे शेवटचं वाक्य विजयमालानं सगळ्यांत जास्त वेळा म्हटलं. टिकाराम पडवीत बसून ऐकत होता. त्याला अर्थ कळला नाही, आणि त्यानं विचारलाही नाही.

स्पेनची बाई आली तेव्हा मोनिका कामावर परत गेली होती. बाईचं नाव इनेस. साठीची, पांढऱ्या केसांची, पायांत साधे जोडे. टिकाराम खड्ड्यात बसला होता. कुंदन इंग्रजीत त्याची ओळख करून देत होता. विजयमाला चहाचा ट्रे घेऊन आली, तो जमिनीवर ठेवला आणि सरळ उभी राहिली.

"बुएनास तार्देस. मे यामो विजयमाला. सोय तेखेदोरा."

कुंदनचं बोलणं अर्ध्यात थांबलं. इनेसचे डोळे मोठे झाले. विजयमालानं नवऱ्याकडं बोट केलं. तिचा आवाज मोठा होता.

"यो तेखो. एल नो तेखे."

इनेस एकदम बोलायला लागली. भराभर, हात हलवत, एकामागून एक प्रश्न. विजयमालाला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तिच्याजवळची भाषा तेवढ्यावरच संपली होती. ती मागाजवळ गेली आणि टिकारामला म्हणाली, "उठा."

तो कमरेवर हात ठेवून, दात आवळून उठला. वर यायला त्याला किती वेळ लागला, ते सगळ्यांनी पाहिलं. ती त्याच्या जागी बसली. तीन धोटे फिरू लागले आणि काठाचा एकेक दात उमटत गेला. कुंदन घाईघाईनं इंग्रजीत काही समजावू लागला, तेव्हा इनेसनं वर न पाहता हात उंचावून त्याला थांबवलं. ती जमिनीवर बसून बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं वही काढून विजयमालाकडून नाव पुन्हा वदवून घेतलं आणि आपल्या अक्षरात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कुंदन दारातूनच ओरडला, "वहिनी, तुमी संस्थेची इज्जत काढली!"

"तुमची एका दिवसात निंघाली," ती म्हणाली. "माझी नऊ वर्सं काढून राहिले, तेव्हा कोनी ओरडलं नाई."

त्यानं सूत देणं बंद केलं. अडीच महिने माग रिकामा राहिला. विजयमाला शेजारच्या परसरामच्या मागावर सुती पंचे विणायला जाऊ लागली.

टिकाराम आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी जेवता जेवता म्हणाला, "मीच सांगाले पाहिजे होतं."

"हो."

"लाज वाटत होती. मानसानं घरात बसून कांड्या भराच्या, अन् बायको मागावर."

"अन् मले चहा आनाची लाज वाटत नव्हती?" ती म्हणाली. "दर खेपेस वाटत होती." तिनं त्याला भाजी वाढली, पण आवाज खाली आणला नाही. दुसऱ्या सकाळी तो चरख्यापाशी जाऊन बसला. आधी आतल्या खोलीत, दार लोटून. ते दार तिनं उघडून टाकलं.

माघात कुंदन परत आला. स्पेनचं काम आलं होतं, पण अट होती. साडी विणणारीचं नाव आणि सही कामाच्या कागदावर हवी. तो खुर्चीवर बसला, पेन उघडलं आणि थोडा अडखळला.

"वहिनी, तुमचं नाव काय जी?"

नऊ वर्षं हा माणूस त्या घरात चहा पीत होता.

विजयमाला रागानं त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. मग तिनं स्वतःचं, बापाचं, नवऱ्याचं, आडनावासकट सगळं नाव सांगितलं आणि त्याला ते तीनदा वाचून दाखवायला लावलं. धंद्याच्या जागी त्यानं सवयीनं 'विणकर मदतनीस' लिहिलं. "मदतनीस खोडा," ती म्हणाली. त्यानं खोडलं. "सही आता करतो," असं म्हणून तिनं पेन ओढून घेतलं.

त्याच आठवड्यात सूत आलं. टिकाराम आता पडवीत, रस्त्यावरून दिसेल असा बसून कांड्या भरत होता. एक कांडी सैल भरली गेली होती, धोट्यात अडकली. विजयमालानं ती काढून त्याच्यापुढं टाकली आणि त्याला चांगलंच सुनावलं. त्यानं ती मुकाट्यानं उकलली आणि पुन्हा भरायला घेतली.