दुखण्याची जागा

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला विचारलं, "कुठे दुखतं?" आणि उत्तर दिलं माझ्या नवऱ्याने. "हिचं काय, सगळंच दुखतं. एक्स-रे नॉर्मल आहे, मॅडम." मोबाइलवरची नजरही त्याने उचलली नाही. धाकट्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणापासून मी हेच ऐकत आले होते. सासूबाईंच्या मते तो आळस होता, याच्या मते मनाचे खेळ.

"त्यांना सांगू द्या," बाई म्हणाल्या.

त्यांनी मला तपासणीच्या टेबलावर कुशीवर झोपवलं आणि दोन्ही हातांनी कमरेच्या हाडावर दाब दिला. मी किंचाळलेच. मग पाय वाकवून, मांडी रेटून पाहिलं. प्रत्येक वेळी तीच कळ उठली.

"रोज दुखतं ते हेच का?"

"हेच."

"मणका ठीक आहे तुमचा. तो खाली कमरेच्या हाडाला जिथे जोडलेला असतो, तो सांधा दुखतोय. व्यायामाने उतरेल."

माझे डोळे भरून आले, पण कळेमुळे नव्हे. दुखणाऱ्या बाईला बरं होण्याआधी खरं ठरावं लागतं, आणि तेही स्वतःच्या घरात नाही, परक्या हातांखाली! मला त्या घराचाच संताप आला.

"बघ, सापडलं की नाही?" नवरा उठत म्हणाला, जणू त्यानेच शोधलं होतं. मला उतरवायला त्याने हात पुढे केला.

मी तो धरला नाही. टेबलाची कड धरून, दात आवळून, माझी मी उतरले.