बांधलेलं सुकाणू

नोकरीतून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी एक जुनी होडी घेतली आणि तिला ताडपत्रीचं शीड लावलं. धरणाचं पाणी मागं तुंबून वैनगंगा तळ्यासारखी पसरली होती, त्यामुळे फिरायला जागा भरपूर. सुकाणूला मात्र मी हात लावायचा नाही. घराचंही त्यांच्याच हातात होतं, तेव्हा नव्यानं वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं.

एकदा शिडाची दोरी अडकली. ती सोडवायला पुढं जाताना ह्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं सुकाणू बांधलं आणि मला बजावलं, "हात नको लावजो. भलतीकडं जाईन होडी."

मी हात लावला नाही. इतका वेळ नागमोडी हिंडणारी होडी कारध्याच्या पुलाकडे सुतासारखी सरळ निघाली. मग हे मागं आले, दुपट्टा सोडून मूठ धरली, आणि थोड्याच वेळात आम्ही काठच्या बेशरमाच्या झुडपात शिरलो.

"हवाच पलटली," हे म्हणाले.

झुडपातून सुटल्यावर मी म्हटलं, "तुमी पुढंच बसा ना."

"कायले?"

कारण सांगायचं तर लग्नापासून सुरुवात करावी लागली असती. मी म्हटलं, "तिकडं हवा चांगली लागते."