मावशीची जांभळी पोरं

माझी मावशी टोमॅटोंची लग्नं लावते. थट्टा नाही, पगारी काम आहे. बियाणं तयार करणाऱ्या एका काचघरात ती संकर करते. एका जातीची आई, दुसऱ्या जातीचा बाप, आणि दोघांचे गुण घेऊन येणारं बी. कळी उमलायच्या बेतात आली की चिमट्याने तिच्यातले पिवळे पुंकेसर अलगद उपटून टाकायचे. नाहीतर फूल बाहेरच्या स्थळाची वाट बघत बसत नाही, घरच्या घरी उरकून मोकळं होतं. मग बापाचा पराग बोटावर घेऊन फुलाच्या मधल्या दांडीला टेकवायचा आणि फुलाखालच्या हिरव्या पाकळ्यांपैकी दोन कातरायच्या. कातरलेलं फूल म्हणजे लग्न झालेलं. त्याच्याकडे पुन्हा बघायचं नाही.

हे करता करता मावशीचे केस पिकले, पण हातातला चिमटा सुटला नाही. घरीसुद्धा ती त्यानेच सुईतला दोरा ओढते, स्वेटरवरचे केस वेचते. एकदा तिने आईच्या हनुवटीवरचा केस न विचारता उपटला.

"अगं मेले! माणूस आहे मी, टोमॅटो नाही!" आई किंचाळली.

"टोमॅटो एवढा आरडाओरडा करत नाही, ताई," मावशी म्हणाली आणि केस उजेडात धरून बघायला लागली.

बघायला लागली खरी, पण हात लांब करून. पेपर वाचतानाही तिचा हात असाच लांब लांब जायला लागला होता. "चष्मा कर," आई म्हणायची. "हल्ली छापतातच बारीक," मावशीचं उत्तर तयार. खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या जोडीच्या बाईला जाड भिंगाचा चष्मा लागला आणि आठवड्याच्या आत तिची बदली पाकिटं चिकटवायच्या खोलीत झाली. मावशी पाकिटांचं नावही काढू द्यायची नाही. मग तिने अंदाजानेच हंगाम काढला. कळी बोटांनी चाचपायची, चिमटा घालायचा, आणि मनात म्हणायचं, निघाले असतील सगळे.

निघाले की नाही ते रोपं सांगतात. हंगाम संपला की प्रत्येक बाईच्या ओळीतलं थोडं बी ट्रेमध्ये पेरून काचघरात ठेवतात. आई हिरव्या देठाची, बाप जांभळ्या देठाचा. संकर खरा असेल तर पोरं बापावर जातात, देठ जांभळा येतो. एखादा पुंकेसर आत राहून गेला असेल तर पोर आईसारखं हिरवंगार.

तपासायला यायचे ते सुपरवायझर. त्यांना सगळे 'म्हणजेच' म्हणतात, कारण त्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही. त्यांनी टेबलावर आणून मांडलेले बाकीच्या बायकांचे ट्रे बघितले. "म्हणजेच, छान. म्हणजेच, हेही छान." मावशीच्या ट्रेपाशी आले आणि नाकातून बोलायला लागले. अडचण आली की त्यांचा आवाज नाकात जातो. "म्हणजेच... बाई, ही सगळीच्या सगळी हिरवी. म्हणजेच, बापाचा हातच लागला नाही."

मावशीने वाद घातला नाही. एप्रनच्या खिशातून चिमटा काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "मला जवळचं दिसत नाही, साहेब. बरेच महिने झाले."

त्या दिवशी ती तिथूनच आमच्याकडे आली आणि चहा न पिता भिंतीकडे तोंड करून बसली. आईने टोमणा मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या घरात हे क्वचित घडतं.

पुढचे काही दिवस मावशी पाकिटं चिकटवत होती. तिचा ट्रे झाडूवाल्या काकांनी फेकायचा म्हणून बाहेर पायरीवर काढून ठेवला होता, आणि फेकायचं विसरून गेले होते. एका दुपारी ती डिंकाचे हात धुवायला नळावर गेली. तिने पायरीकडे बघितलं. मग ओल्या हातांनी ट्रे उचलून, हात लांब करून, मान मागे नेऊन बघितलं. मग तो तसाच सुपरवायझरांच्या टेबलावर, त्यांच्या जेवणाच्या डब्याशेजारी आणून आदळला.

देठ जांभळे होते. वांग्याने लाजावं असे जांभळे.

"म्हणजेच..." ते ट्रे फिरवून फिरवून बघत राहिले. "म्हणजेच, बाहेर थंडी आणि ऊन मिळालं तसा रंग चढला. पण मग बाकीच्या ट्रेंना आतच कसा चढला? बाई, तुमचा ट्रे आत होता कुठे?"

मावशी पदराचं टोक पिळायला लागली. "हीटरपाशी."

"हीटरपाशी?"

"कोपऱ्यात. वरून जुना पडदा टाकला होता. बाकीच्यांचे खिडकीत कुडकुडत होते, साहेब. म्हटलं, आपली पोरं गारठायला नकोत."

"म्हणजेच, ऊब दिलीत, अंधार केलात, आणि वर रंग का नाही म्हणून रडलात!" साहेब डब्याचं झाकण बडवत हसायला लागले. मावशी आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदमच करायला लागली. त्यांनी ड्रॉवरमधून चिमटा काढून पुढे केला. "घ्या. पण आधी चष्मा. म्हणजेच, जाड असला तरी चालेल. माझाही जाडच आहे की!"

मावशीने चिमटा घेतला आणि ट्रेवर वाकली. कडेच्या रांगेत एकच रोप हिरवं राहिलं होतं. "हे माझ्या हातून सुटलेलं," असं म्हणत तिने ते मुळासकट उपटलं.

चष्मा आला त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली. दारातच थांबून छताकडे बघत म्हणाली, "ताई, अगं केवढी ही जाळी!"

"काढ तो चष्मा," आई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.