बेबीताईची रिटचिंगची पेन्सिल

मंगरूळपीरच्या एसटी स्टँडसमोर माणिकरावचा फोटो स्टुडिओ होता. माणिकरावला सगळे ओळखत. मागच्या खोलीत खिडकीशी बसणारी त्याची धाकटी बहीण बेबीताई मात्र फारशी कोणी पाहिली नव्हती. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण तोंडभर वण राहिले. दोनदा पाहुणे बघायला आले, चहा पिऊन गेले. पुढे कोणी आलंच नाही. मग भावानं तिच्या हाती रिटचिंगची पेन्सिल दिली.

सुईसारख्या टोकाच्या त्या पेन्सिलीनं ती निगेटिव्हवर बारीक ठिपके देई, की कागदावर चेहरा नितळ उतरे. धनजचे नवरानवरी, पोहरादेवीला जाऊन आलेली कुटुंबं, शाळांचे कबड्डीचे संघ, अर्धा तालुका तिच्या हाताखालून गेला. कोणाच्या हनुवटीवर तीळ, कोणाची भुवई तुटकी, तिला सगळं पाठ. रस्त्यात ती माणसं दिसली की तिला बोलावंसं वाटे. पण माणसं तिच्याकडे न बघताच पुढं जात.

शहात्तरच्या हिवाळ्यात गावच्या शाळेतल्या मुलींचा खो-खोचा संघ जिल्ह्यात पहिला आला. ढाल मांडून फोटो निघाला. आठवड्यानं त्यातलीच एक, तांड्यावरची गोमती, फोटो घेऊन थेट मागच्या खोलीत शिरली.

"ताई, हा फोटो वापस घ्या. यात मी नाही."

"काहून? ढालीजवळ बसलेली तूच तं हायेस."

"मायले दाखवला, तं ते म्हणे, तुया जागी हे कोणाची पोरगी बसवली? सांगा, माये वण कुठी गेले?"

बेबीताईनं मान वर केली. गोमतीच्या गालांवर तिच्यासारखेच वण होते. दया येऊन तिनंच ते दोन दिवस खपून मिटवले होते.

"तुले ते पाह्यजेत?"

"मंग! धावली मी, अन् ढालीपाशी हे दुसरीच बसली?"

कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवून बेबीताईनं निगेटिव्हवरचं शिसं पुसलं आणि दुसऱ्या दिवशी नवा फोटो दिला. बाहेर मैत्रिणी थांबल्या होत्या. गोमती हसत त्यांच्यात मिसळली. त्यांचा गलका स्टँडपर्यंत ऐकू येत राहिला.

"दादा, माया एक फोटो काढ," बेबीताई म्हणाली.

माणिकराव बघतच राहिला. आजवर ती कधी कॅमेऱ्यापुढं बसली नव्हती. "काढतो. पण रिटच तुलेच करा लागन."

"हातच नाही लावाचा."

फोटो चांगला आला. सवयीप्रमाणे माणिकरावनं तीन प्रती काढल्या. एक बेबीताईनं भावाला दिली, एक खिडकीशेजारी लावली. तिसरी कोणाला द्यावी, हे तिला बराच वेळ सुचेना. शेवटी मागं नाव अन् तारीख घालून तिनं ती डब्यात ठेवली, गिऱ्हाइकांनी न नेलेल्या फोटोंच्या.