दादाच्या ट्रकवरचा चिखल

१८ जानेवारी, शनिवार. सकाळची शाळा करून आले, जेवले आणि ट्रकला चिखल लावायला बसले.

ट्रक तळहातावर मावणारा, प्लास्टिकचा. फौजेतल्या तीन-टनी गाडीचं बहात्तर पटींनी लहान रूप. माझा थोरला भाऊ फौजेत, राजस्थानात, अशीच गाडी चालवायचा. आता आमच्या गावी, गोरेगावात, शेती करतो. त्याला गाडी शिकवणारे उस्ताद रविवारी पहिल्यांदाच त्याच्या घरी जेवायला येणार होते, आणि त्यांच्यापुढे ठेवायला दादानं माझ्याकडे हा ट्रक मागितला होता. एरवी तो कुणाकडे काही मागत नाही.

लॉकडाउनपासून मी सुटे भाग जोडून अशा गाड्या करते. दोन रणगाडे, तीन जीपा, एक तोफ झाली. गल्लीत म्हणतात, मॅडमला या वयात खेळण्यांचं वेड लागलं. लागू दे. घासलेली भांडी संध्याकाळी परत खरकटी होतात. घासून गुळगुळीत केलेली चाकाची कड तशीच राहते. एकेक भाग कापायचा, कड घासायची, चिकटवायला सोल्युशनचा एक थेंब लावायचा आणि हात आवरायचा. रंगाचे तीन पातळ हात, मध्ये एकेक दिवस. घाई केली की बोटाचा ठसा उमटतो आणि आठवड्याचं काम जातं. मी मुळात उतावळी. कुकरची वाफ जिरेपर्यंत मला दम निघत नाही. पण रंग सुकताना नुसतं बघत बसायला बरं वाटतं.

खरी मजा शेवटी, नवी गाडी जुनी करण्यात. टर्पेंटाइनमध्ये तपकिरी रंग पातळ करून फटींत सोडला. स्पंजाच्या तुकड्यानं गंजाचे ठिपके दिले. त्यातच आधीच्या दोन संध्याकाळी गेल्या होत्या. शनिवारी दुपारी गावाहून आणलेली माती ओढणीतून चाळली, टर्पेंटाइनमध्येच कालवली आणि चाकांना लावली. झकास दिसत होतं.

संध्याकाळी दादा ट्रक न्यायला आला. चष्मा लावून त्यानं तो खिडकीशी धरला.

"ही कुणाची गाडी हाय?"

"तुझीच."

"गंज चढेपर्यंत मी काय झोपून राहिलो व्हतो?"

"दादा, वापरलेली गाडी अशीच दिसते. सगळे असंच करतात."

"कोण सगळे? गाडी धुतल्याबिगर आमाला जेवण न्हाई मिळायचं. उस्ताद मडगार्डखालून पांढरा रुमाल फिरवायचे. रुमाल काळा निघाला की मैदानाला चकरा." त्यानं चाकावरची माती नखानं खरवडली, बोटांत चुरली. "अन् ही तर आपल्या सोयाबीनच्या वावरातली माती हाय. राजस्थानात काळं रान कुठून आणलंस, बाई?"

मी फोटो बघून चाकांचे नट मोजले होते. माती कुठली, हे विचारायचं सुचलं नव्हतं.

"या गाडीसंगं मला उस्तादाम्होरं उभं करती व्हय?"

"मग पुसून टाकते सगळं. कोरी घेऊन जा."

"कोरी बी नको. बाजारातून आणली म्हणतील."

"मग पाहिजे काय तुला?"

त्यानं काडेपेटीतली काडी घेतली आणि तिच्या टोकानं दाखवायला लागला. "हितं पायरीवर रंग नव्हता. बुटानं घासून लोखंड चमकायचं. हितं दरवाजाला कोपर टेकायचं. बॉनेट धुऊन धुऊन फिकं पडलं व्हतं. अन् डावी पायरी जास्त झिजलेली."

"काहून?"

"तिकडून उस्ताद चढायचे. नव्वद किलोचा माणूस. मी सांगितलं म्हणू नको त्यायला."

ट्रक टेबलावर ठेवून तो निघाला. दारातून म्हणाला, "जमलं तर आण. न्हाईतर नुसती जेवायला ये."

जीप सुटायची होती म्हणून चहासुद्धा घेतला नाही. मला राग आला होता. पण वीस वर्षं गाडी त्यानं धुतली होती, मी नव्हे. वॉर्निश मारलं की खालचं काही पुसता येत नाही; ते अजून मारलं नव्हतं, एवढं बरं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठले. टर्पेंटाइनच्या बोळ्यांनी गंज आणि चिखल काढला, फटींतले कण टाचणीनं काढले. हिरव्या रंगात थेंबभर पांढरा मिसळून बॉनेटवर एकच पुसट हात दिला आणि तो वरवर सुकेपर्यंत अंघोळ केली. मग पेन्सिलीचं शिसं खरवडून बोटावर घेतलं, पायऱ्या आणि दरवाजाची कड घासली. लोखंडासारखी चमक आली. डाव्या पायरीवर बोट जास्त वेळ फिरवलं. वॉर्निश सुकायला दिवस जातो, म्हणून ते मारलंच नाही. बिस्किटाच्या डब्यात कापूस घालून ट्रक ठेवला आणि डबा मांडीवर घेऊन गोरेगावच्या जीपमध्ये बसले.