तुरा काळा पडला तेव्हा

"आधी तुरा दाव, मग वरड," असं म्हणत मामी कोंबडीला काखेत दाबायच्या आणि तिचा तुरा अंगठ्यानं अन् बोटानं अलगद चेपून बघायच्या. तापलेल्या पोराच्या कपाळावर आई हात ठेवते ना, तसं. तुरा लाल, ऊबदार लागला की कोंबडी सुटायची. फिकट वाटला तर तोंडातल्या तोंडात म्हणायच्या, "बघू की."

मामी साऱ्या गल्लीच्या मामी. कोल्हापूरच्या कडेला, बंगले संपून ऊस सुरू होतो तिथं आमची घरं, भिंतीला भिंत लावून. मी शाळेत शिकवते. संध्याकाळी दमून आले की परसातून माझंही तोंड न्याहाळलं जायचं. "तुजा बी तुरा पडलाय आज. च्या पिऊन जा." मामींचा नवरा शाहूपुरीतल्या एका पेढीवर कामाला होता. तो गेला, मुलगी लग्न होऊन आजऱ्याला गेली, आणि बोलायला उरलो आम्ही. आधी कोंबड्या, मग मी.

कोंबड्यांना त्यांनी नावं ठेवली नव्हती. "कापायच्याला नाव कशाला?" फक्त एका ठिपक्यांच्या म्हाताऱ्या कोंबडीला त्या 'थोरली' म्हणायच्या. तिला कापायचा विषय निघाला की मामींना ऐकू येईनासं व्हायचं.

थंडी सरताना थोरलीच्या मानेवरची पिसं गळायला लागली. मग बाकीच्यांची. परसात पिसांचा सडा. "टाकत्यात वर्सातनं एकदा," मामी म्हणाल्या. "नवी येत्यात."

नवी आली नाहीत. उघडी गुलाबी कातडी दिसायला लागली, तुऱ्यांवर खपल्या धरल्या. मामींनी हळद आणि खोबरेल लावलं. आणि एका सकाळी दोन कोंबड्या खुराड्यात मरून पडलेल्या. तुरे जांभळे-काळे.

त्या दिवसांत बर्ड फ्लूच्या बातम्या मोबाईलवर फिरत होत्या. तुम्हीही बघितले असतील ते फोटो, खड्ड्यात ओतलेल्या कोंबड्यांचे. मामींनी भिंतीवरून मला हाक मारली ती इतकी हळू, की मी हातातलं काम टाकून धावले. पाठोपाठ कुंपणापाशी तानाजी येऊन उभा राहिला. पलीकडच्या रानात त्यानं गावठी कोंबड्यांची शेड घातली होती, त्याला वर्षही झालं नव्हतं.

"मामी, गप खड्डा काढून पुरा," तो म्हणाला. "कुणाला कळाय नको. त्यो रोग निघाला तर माझी बी सगळी पाखरं मारून टाकत्यात."

"आणि लपवला तर?"

"त्योच रोग हाय कशावरनं?"

"न्हाय कशावरनं?"

"दोनशे पाखरं हाईत माझी. पोट हाय माझं त्यावर."

"गल्लीत बारकी पोरं बी हाईत, तानाजी."

त्यानं कुंपणाचा खांब घट्ट धरला. "फोन केलासा, तर परत माझ्या दारात येऊ नगा," म्हणाला आणि निघून गेला.

मामींनी त्या दोन कोंबड्या उचलून खुराड्याबाहेर ठेवल्या. मग म्हणाल्या, "पोरी, जनावराच्या दवाखान्याला नंबर लाव. मी बोलतो."

डॉक्टर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात आले. गल्ली खिडक्यांतून बघत होती. "आत्ता काहीच सांगता येणार नाही," ते म्हणाले. "काळा तुरा त्या रोगातही होतो, दुसऱ्याही रोगांत होतो." नमुने पुण्याला जाणार होते. तोवर कोंबड्या बंद, अंडी कुणाला द्यायची नाहीत, परसात कुणी यायचं नाही. मेलेल्या कोंबड्या मामींनी हातानं उचलल्या होत्या, म्हणून त्यांनी तापावर लक्ष ठेवायचं.

दूधवाला दूध कोपऱ्यावर ठेवून जायला लागला. कढीपत्त्याला रोज येणारी तानाजीची बायको मान वळवून पुढं जायची. कुणीतरी खुराड्याच्या पत्र्यावर दगड भिरकावला. मी भिंतीवर डबा ठेवायची, आणि दिवेलागणीला पलीकडून आवाज यायचा, "ताप न्हाय गं!" तो ऐकला की मगच मी जेवायला बसायची.

एका संध्याकाळी तो आवाज आला नाही.

"मामी!" मी हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. मग बादली पालथी घालून वर चढले आणि भिंतीवरून डोकावले.

तोंडाला मास्क बांधून मामी खुराड्याच्या जाळीबाहेर बसल्या होत्या. आत थोरली मान ताणून, चोच उघडी टाकून धापा टाकत होती. मामींनी मला हातानंच गप्प केलं.

"वरडलो असतो तर दचकली असती ती," त्या पुटपुटल्या.

हात लावायची मनाई होती. त्यांनी दोन्ही हात मांडीत आवळून धरले होते. अंधार पडायच्या आत थोरली गेली.

डॉक्टर परत आले ते साध्या शर्टात, आणि तेवढ्यानंच गल्लीनं श्वास सोडला. बर्ड फ्लू नव्हता. कोंबड्यांची देवी होती, म्हणजे खपल्या धरणारा रोग, तोही घशात उतरलेला. श्वास कोंडून तुरे काळे पडले होते. शिवाय खुराड्याच्या फळ्यांच्या फटीत रक्त पिणारे बारीक लाल किडे होते. पिसं गेली ती त्यांच्यामुळं.

सगळे हसायला, बोलायला लागले. मामींनी एवढंच विचारलं, "हिला लस असती?"

"असते."

"म्हंजे मी टोचून घेतली असती तर ह्या वाचल्या असत्या."

"बऱ्याचशा," डॉक्टर म्हणाले.

मामींनी पायात चपला सरकवल्या आणि तडक तानाजीच्या फाटकाशी गेल्या. मीही मागोमाग. "आत येत न्हाय मी," त्यांनी बाहेरूनच सांगितलं. "डॉक्टर हाईत तवर लशीचं बोलून घे. माझ्यासारखं करू नगंस."

लस टोचायचा दिवस आला तेव्हा तानाजी एकेक पाखरू पकडून पंख पसरून धरत होता, आणि मामी फाटकाबाहेर उभ्या होत्या. शेवटी त्यानंच फाटक उघडलं आणि खाली बघत म्हणाला, "उन्हात किती उभ्या ऱ्हाताय?"

मामींनी जुनं खुराडं जाळून टाकलं. चार कोंबड्या जगल्या. हळूहळू नवी पिसं आली. मामी मात्र पुढं मोठ्यानं हसताना फारशा दिसल्या नाहीत.

यंदा गुडघे अगदीच थकले, तशी मुलगी त्यांना आजऱ्याला न्यायला आली. जीप दारात उभी होती. मामींनी चारही कोंबड्या बांबूच्या डालग्यात घातल्या आणि डालगं तानाजीच्या हातात दिलं.

"आठवडाभर येगळ्या ठेव," त्या म्हणाल्या. "माझ्या हाईत म्हणून भरवसा धरू नगंस."

तानाजीनं मान हलवली. डालगं छातीशी धरून तो शेडकडं न जाता उलट्या बाजूला, आपल्या घराच्या पडवीकडं चालू लागला. तो पडवी चढेपर्यंत मामींनी जीप निघू दिली नाही.